ऊसतोडीला निघायच्या आधी अंगावरचं तोडताना

आमच्या आरोग्य उपकेंद्राखालची गावं बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात येतात. बालाघाटाची माळरानं, पावसाच्या भरवशावरचा कापूस आणि सोयाबीन, आणि दसरा झाला की ऊसतोडीला निघून गेल्याने कुलूप लागलेली घरं. इथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, जोडीच्या नावावर असते, त्यामुळे बाई घरी राहिली की कोयता अर्धा होतो आणि उचल फिटत नाही. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं वाचताना "एवढी घाई कशाला केली?" असा प्रश्न येईल, तेव्हा त्याचं उत्तर इथेच आहे.

प्रकरण एका चोवीस वर्षांच्या आईचं आहे. तिची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, आजाराचा आणि उपायांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. दुसरं बाळंतपण, मुलगी चौदा महिन्यांची, वजन साडेआठ किलो. मुलगी घरातलं थोडंफार खायची, पण दिवसाउजेडी चार-पाच वेळा आणि रात्री दोन-तीनदा अंगावर प्यायची. थोरला मुलगा पाच वर्षांचा. तो तान्हा असताना त्याला ऊसतोडीच्या फडावर नेलं होतं. डिसेंबरच्या थंडीत कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, राहून त्याला न्यूमोनिया झाला, दवाखान्यात ठेवावं लागलं आणि उचलीवर आणखी कर्ज चढलं. ती आठवण घरात ताजी होती. म्हणून या खेपेला दोन्ही लेकरं आजीजवळ ठेवायची आणि धाकटीचं अंगावरचं तोडायचं, असं ठरलं.

आईचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवावं, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मला माहीत आहे आणि तिलाही माहीत होती; अंगणवाडीच्या भिंतीवर तशी पाटी आहे. लेकरू सोबत नेलं असतं तर दूध चालू राहिलं असतं, पण उघड्यावरची थंडी, धुराने भरलेली कोपी आणि पहाटे चारला फडात जाणारी आई, हेही सोबत आलं असतं. सरकारची हंगामी वसतिगृहं शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी आहेत, चौदा महिन्यांच्या लेकराला तिथे जागा नाही. दोन्ही वाटा अवघड होत्या. त्यातली एक तिने विचार करून निवडली होती आणि ती वाट सुखरूप पार पडावी, एवढंच माझं काम होतं. तोडायला आलेल्या आईला न तोडण्याचं व्याख्यान देऊन परत पाठवलं, तर ती पुढच्या वेळी थेट ताप घेऊनच येते.

घरात काय काय झालं

ट्रॅक्टर दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांत निघणार होता. घटस्थापनेचा दिवस चांगला म्हणून त्या सकाळपासून अंगावर घ्यायचं बंद, असं सासूबाईंनी ठरवलं. एकदम बंद.

पहिल्या दिवशी कडुनिंबाचा पाला पाट्यावर वाटून बोंडाला लावला. मुलीने तोंड लावलं, थू थू करून भोकाड पसरलं आणि आईकडे संशयाने बघत राहिली. संध्याकाळी पुन्हा आली, वास घेतला आणि तोंड फिरवलं. लेकरू तुटलं असं समजून घरात समाधान झालं. रात्री मात्र ते आजीच्या कुशीत घसा बसेपर्यंत रडलं, आणि भिंतीपलीकडे आईचा पान्हा सुटून पोलकं भिजत राहिलं.

दुसऱ्या दिवशी छाती दाटली. तेव्हा जुन्या लुगड्याची पट्टी फाडून दोन वेढे घट्ट बांधले. "आवळून बांधलं की दूध माघारी जातं," असं शेजारच्या म्हातारीने सांगितलं. पाणी कमी केलं, ताक बंद केलं. बाजारातून कोबीचा गड्डा आणून त्याची पानं पट्टीखाली ठेवली. मोगऱ्याच्या कळ्या बांधतात हेही कुणाला आठवलं, पण मोगरा उन्हाळ्यात फुलतो, घटाच्या दिवसांत तो कुठून मिळणार?

तिसऱ्या दिवशी डाव्या बाजूला गाठ लागली. ती फोडायची म्हणून चुलत जावेने कोमट तेल लावून जोराने रगडलं, इतकं की ही पदर तोंडात धरून बसली होती. वर खोबरेल तेलात कापूर विरघळवून चोळला. त्याच रात्री हुडहुडी भरून ताप आला. चौथ्या दिवशी सकाळी आशाताई तिला उपकेंद्रात घेऊन आल्या.

तपासणी

पट्टी सोडली तेव्हा काखेखालून पुढे आलेला लुगड्याच्या काठाचा वळ कातडीत रुतलेला दिसत होता. ताप 102 अंश फॅरनहाइट. उजवी छाती भरलेली, जड, पण सगळीकडे सारखी. डावीकडे मात्र वरच्या बाहेरच्या भागात, काखेच्या दिशेला, फाकेच्या आकाराचा लाल तुकडा होता. हात लावताच गरम आणि कडक. पट्टीची गाठ नेमकी तिथेच येत होती. पू धरला की दाबल्यावर आत पातळ हलल्यासारखं लागतं. तसं लागलं नाही. बोंडाला चीर नव्हती. जीभ कोरडी, लघवी सकाळपासून झालेली नाही. पाळी लांबलेली नव्हती. हे मी प्रत्येकीला विचारते, कारण "तोडायचंय" यामागे पुष्कळदा नवीन दिवस गेलेले असतात आणि मग सगळा सल्लाच बदलतो.

हा स्तनदाह. गावात याला दूध साकळलं म्हणतात. पुढची पायरी गळवाची असते. तिथपर्यंत गेलं की सुईने पू काढावा लागतो किंवा चिरा द्यावा लागतो, आणि मग ऊसतोड राहते बाजूला, अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्याच्या वाऱ्या सुरू होतात.

आधी तिला दोन तांब्ये पाणी पाजलं. पट्टी टाकून द्यायला लावली आणि आधार देईल पण आवळणार नाही असं पोलकं घालायला सांगितलं. ओल्या थंड फडक्याची घडी लाल भागावर ठेवली. मग ताण हलका होईल इतकंच दूध हाताने काढायला बसवलं. अंगठा वर, दोन बोटं खाली, बोंडापासून दोन बोटं मागे, काळ्या भागाच्या कडेला. आधी छातीकडे मागे दाबायचं, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणायची, मग सोडायचं. बोटं कातडीवरून घसरवायची नाहीत. पहिल्या दोन-तीन मिनिटांत काहीच आलं नाही आणि ती रडकुंडीला आली. मग एक थेंब, मग तीन धारा, आणि खांदे एकदम खाली आले. वाटीच्या तळाला दूध साचल्यावर थांबवलं.

सासूबाईंना हे पटलं नाही. "दूध तोडायला आलाव आन् तुमी काढायला लावताय, कामून?"

त्यांच्या दारात म्हैस आहे, म्हणून मी उलट विचारलं, म्हैस आटवताना काय करता? त्या लगेच म्हणाल्या, "आधी एका वेळची धार सोडायची. मग एक दिसाआड. एकदम सोडलं की दगडी व्हती." बोलता बोलता त्या थांबल्या आणि सुनेकडे बघितलं. मला आणखी काही सांगावं लागलं नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी तपासून अंगावर पाजत असताना चालणारं प्रतिजैविक आणि ताप-सुजेसाठी गोळ्या दिल्या. अठ्ठेचाळीस तासांत ताप उतरला नाही किंवा गाठ मऊ पडून हलू लागली तर सोनोग्राफी करायची, असं लिहून दिलं. आणि सगळ्यात अवघड सूचना ही की, मुलीला पुन्हा प्यायला घ्यायचं. "तापातलं दूध लेकराला बाधंल," हा आक्षेप आलाच. स्तनदाहातलं दूध लेकराला बाधत नाही. उलट दुखण्याच्या ऐन भरात दूध अडवून धरलं की गळू होण्याची भीती वाढते. दिवसा मुलीने तोंड फिरवलं, कडुनिंब तिच्या लक्षात होता. रात्री अर्धवट झोपेत, धुतलेल्या छातीचा ओळखीचा वास आल्यावर ती चिकटली.

दोन दिवसांत ताप गेला. आठवड्यात लाली मावळली, गाठ लिंबाएवढी उरली आणि तीही पुढे विरघळली.

दूध आटतं कसं

हे आजीला, आशाताईला आणि पुढच्या प्रत्येक आईला सांगितलं, म्हणून इथेही थोडं सविस्तर.

बाळ ओढतं तेव्हा आईच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन सुटतं, ते दूध बनवायला सांगतं. आणि ऑक्सिटोसिन सुटतं, त्याने पान्हा फुटतो. रात्रीच्या वेळी प्रोलॅक्टिन जास्त असतं. पण पहिले काही आठवडे सरल्यावर दूध किती बनायचं हे मुख्यतः छातीतच ठरतं. दूध आत थांबलं की त्या पेशींना "हळू करा" असा निरोप जातो, आणि उपसा झाला की "बनवा" असा. दोन्ही बाजूंचा हिशेब वेगळा असतो, म्हणूनच एका बाजूला पाजून दुसरी बाजू आटलेल्या आया आपण पाहतो. याचा सरळ अर्थ असा की दूध आटवणारं खरं औषध म्हणजे कमी होत गेलेला उपसा. तो हळूहळू कमी झाला तर पेशी हळूहळू काम थांबवतात. एकदम बंद केला तर निरोप पोहोचून काम थांबेपर्यंतचे तीन-चार दिवस छाती फुटायला येते, नळ्यांवर दाब पडतो, आजूबाजूला सूज येते, आणि सुजेमुळे दूध आणखी अडतं. त्यात पट्टी आवळली की दाब एका जागी एकवटतो. हिची लाल फाक पट्टीच्या गाठीखाली होती, ती तिथेच उगाच नव्हती.

रगडण्याचंही तसंच. गाठ म्हणजे आत अडकलेला दगड नाही की ठेचून फुटेल. ती सुजलेली जागा आहे आणि रगडलं की आणखी सुजते. स्तनपानाचं वैद्यक पाहणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय अकॅडमीने 2022 साली आपल्या सूचना बदलल्या, त्यातही जोराची मालिश टाळा, थंड शेक द्या, आणि "रिकामं करायचं" म्हणून उगाच उपसत बसू नका, असंच आहे. हलका हात फिरवायचाच असेल तर कातडीवरून काखेच्या दिशेने, मांजराच्या पाठीवरून फिरवावा इतका.

त्या उपायांपैकी कशाचा उपयोग आणि कशाचा अपाय

घरगुती उपायांना सरसकट नाकं मुरडणं मला मान्य नाही. ते बायकांनी बायकांना दिलेले आहेत, रात्री दोन वाजता दवाखाना बंद असताना. पण प्रत्येक उपाय नक्की काय करतो हे कळल्याशिवाय तो अंगावर घेऊ नये.

कडुनिंबाचा वाटलेला पाला दूध आटवत नाही. तो लेकराला परतवतो, आणि लेकरू परतलं की उपसा थांबतो, म्हणून दूध आटतं. दीड-दोन वर्षांच्या, समजू लागलेल्या मुलाला उरलेल्या एक-दोन वेळा सोडवताना त्याचा उपयोग होतो. सहा-सात वेळा पिणाऱ्या लेकराला पहिल्याच दिवशी कडू चाखवलं तर सगळा उपसा एकाच वेळी थांबतो, आणि हिचं झालं तेच होतं. आणखी एक गोष्ट मी कळकळीने सांगते: पाला वेगळा आणि निंबोणीचं तेल वेगळं. ते तेल पोटात गेल्याने तान्ह्या लेकरांना झटके आल्याच्या, मेंदूवर परिणाम झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. बोंडाला निंबोणीचं तेल कधीही लावू नये.

कापूर याहून वाईट. तो देवघरात असतो, पवित्र असतो, म्हणून कुणाला भीती वाटत नाही. पण लहान लेकराच्या पोटात थोडाही कापूर गेला तर झटके येऊ शकतात, आणि तो कातडीतूनही आत शिरतो. हिच्या छातीला कापूर-तेल चोळलं होतं आणि त्याच रात्री लेकरू शेजारी झोपलं होतं. सुदैवाने तोंड लावलं नव्हतं. आम्ही पाजायला बसवण्याआधी साबणाने धुऊन घेतलं ते यासाठीच.

मिश्री लावतात, तीत तंबाखू आहे. तिखट लावतात, त्याने आईची कातडी जळते आणि लेकराचे डोळे. काजळात शिसं असू शकतं. आणि बिब्बा! आमच्या भागात बिब्ब्यावर फार श्रद्धा. त्याच्या तेलाने कातडी भाजल्यासारखी उठते, फोड येतात, डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. छातीसारख्या नाजूक जागी बिब्ब्याचा चटका म्हणजे जखम आणि जखमेतून जंतूला वाट. लेकराने चव घेऊन तोंड फिरवावं एवढंच हवं असेल तर मेथीदाणा वाटून किंवा कारल्याचा रस बोटभर लावावा, जमलं तर तेही नको. बोंडावर चिकटपट्टी लावून "बाऊ झालाय" म्हणून दाखवलं तरी मोठं लेकरू समजतं.

कोबीच्या पानांचं उलट आहे. त्यांनी अपाय नाही. थंड, छातीच्या आकाराची, गारवा देणारी पानं दाटलेल्या छातीला आराम देतात. दूध आटवण्याचा गुण त्यांच्यात आहे याचा पक्का पुरावा नाही. धुवून, मधली जाड शीर काढून, माठाजवळ गार करून ठेवायची आणि कोमेजली की टाकायची. आमच्याकडे फ्रीज नसतो, तिथे माठातल्या पाण्यात पिळलेलं सुती फडकं तेच काम करतं आणि फुकट असतं. विड्याची पानं शेकून बांधतात, ती ऊब बरी वाटते. पण दाटलेल्या छातीवर ऊब धरून ठेवली की सूज वाढते, म्हणून दूध काढण्याआधी मिनिटभर, त्याहून जास्त नाही.

मोगऱ्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. दक्षिणेत बाळंतिणीच्या छातीवर मोगऱ्याच्या माळा बांधायची रीत आहे, आणि 1988 साली प्रसिद्ध झालेल्या वेल्लोरच्या एका अभ्यासात या फुलांची दूध आटवणाऱ्या ब्रोमोक्रिप्टिनच्या गोळीशी तुलना केली होती. दोन्हींनी प्रोलॅक्टिन उतरलं, गोळीने जास्त. पण दाटणं आणि दूध कमी होण्यात फुलांनी गोळीच्या जवळपास काम केलं. अभ्यास लहान होता आणि त्या बाया नुकत्याच बाळंत झालेल्या होत्या, वर्षभर पाजलेल्या नव्हत्या. तरी एखादीला उन्हाळ्यात तोडायचं असेल आणि दारात मोगरा असेल, तर सैल पोलक्यात ओंजळभर फुलं ठेवायला माझी हरकत नाही. हळूहळू कमी करण्याच्या जोडीला, त्याऐवजी नव्हे.

पाणी कमी पिण्याने दूध आटत नाही. आई कोरडी पडते, डोकं दुखतं, तापात तर धोकाच. तहान लागेल तेवढं प्यावं. उलट जे दुधासाठी देतात ते मात्र थांबवावं. हिच्या घरी एकीकडे दूध तोडणं चालू होतं आणि दुसरीकडे फडावर न्यायचे मेथी-डिंकाचे लाडू वळून डब्यात भरले होते, त्यातले दोन रोज तिला मिळत होते. हळीवाची खीर, शतावरी, बाळंतशेपा, मेथी: यांनी दूध वाढतंच असं नाही, पण आटवायच्या दिवसांत ते बाजूला ठेवलेलं बरं. लाडू तिच्या नवऱ्याने खाल्ले.

गोळीचा विषय निघालाच. "मेडिकलमधून एक गोळी आणली की एका दिवसात आटतं," असं तिच्या माहेरून फोनवर सांगण्यात आलं होतं. कॅबरगोलीन नावाची गोळी आहे, डॉक्टर ती देतातही, मुख्यतः बाळ गेलेल्या किंवा आजारामुळे पाजणं शक्य नसलेल्या आईला बाळंतपणानंतर लगेच. रक्तदाब वाढलेला असेल तर ती चालत नाही, काही मानसिक आजारांतही नाही. जुनी ब्रोमोक्रिप्टिन दूध आटवण्यासाठी वापरायला अमेरिकेत 1990च्या दशकात मनाई झाली, कारण काही बायांना झटके, पक्षाघात, हृदयविकार झाले. चिठ्ठीशिवाय, दुकानदाराच्या शब्दावर ही गोळी घ्यायची नाही. वर्षभर पाजलेल्या, धडधाकट आईला तिची गरजही सहसा लागत नाही. तिला लागतात ते दिवस.

दिवस मिळवणं

दिवसच तर नव्हते. नवरा मुकादमाशी बोलला. त्याने ऐकून घेतलं, कारण मागून आणखी एक गाडी निघणार होती. जोडीला तिच्यात जागा मिळाली. साधारण दोन आठवड्यांची मुदत. तेवढ्यात पूर्ण तोडणं शक्य नव्हतं आणि मी तसा शब्द दिला नाही. ठरवलं ते असं.

आपण होऊन द्यायचं नाही आणि मागितलं तर झिडकारायचं नाही. ताप उतरून दुखणं गेल्यावर पहिली सोडली ती दुपारची वेळ, कारण तेव्हा मुलगी अंगणात खेळात असते. त्या वेळेला आजी वाटी घेऊन पुढे येणार आणि आई नजरेआड, विहिरीवर किंवा शेजारी. तीन दिवस अंगाला सवय झाली, छाती दाटेनाशी झाली की पुढची वेळ. मग संध्याकाळची. मग सकाळची. झोपतानाची आणि पहाटेची अगदी शेवटी. मधे दाटलं तर हाताने काढायचं, ठणका कमी होण्यापुरतंच. जास्त काढलं की छातीला वाटतं मागणी चालूच आहे.

आजीकडे खरं काम होतं. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, वरण-भातावर तुपाची धार, शेंगदाण्याचा बारीक कूट घातलेला शिरा, उकडलेलं अंडं, केळं. दिवसाला पाच वेळा, थोडं थोडं. म्हशीचं दूध पाणी न घालता, उकळून, वाटीने किंवा पेल्याने. बाटली घरात आणायची नाही. पण दूध दोन पेल्यांच्या वर नको, नाहीतर लेकरू जेवत नाही आणि रक्त कमी पडतं. लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा, एक एक मिली, ते आशाताईने आजीच्या हातात दिलं आणि वार पक्के केले. लसीकरणाचं कार्डही आजीकडे आलं, कारण सोळा महिन्यांनंतरचे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटीचा बूस्टर आणि अ जीवनसत्त्व हे आई फडावर असतानाच येणार होतं.

आईशी एक वेगळं बोलणं झालं, सासूबाई बाहेर गेल्यावर. पाजणं कमी झालं की पाळी आणि दिवस राहणं दोन्ही लवकर परततं. पाजण्याचं संरक्षण तसंही पहिल्या सहा महिन्यांपुरतं, तेही पाळी आलेली नसताना आणि लेकरू फक्त अंगावर असताना. फडावर दिवस राहिले तर काय होतं हे तिला मी सांगायची गरज नव्हती. तिने दिवस राहू नयेत म्हणून 'अंतरा'चं इंजेक्शन निवडलं, तीन महिन्यांचं, म्हणजे पुढची तारीख फडावर येणार. तिथल्या आरोग्य केंद्रात दाखवायला कार्ड दिलं.

आणखी एक. मुदतीच्या दुसऱ्या आठवड्यात ती भेटली तेव्हा कारण नसताना डोळे भरून येत होते. "लेकराला फसवल्यावानी वाटतंय," म्हणाली. दूध कमी होताना अंगातले रसायनांचे चढउतार मन खाली ओढतात, हे मी तिला सांगितलं, आणि हेही की चौदा महिने पाजलं ते कुठे जात नाही. पंधरा दिवसांच्या वर झोप उडाली, अन्न नकोसं झालं तर गप्प बसायचं नाही. नवऱ्यालाही हे समोर बसवून सांगितलं, कारण तिथे तोच जवळ असणार होता.

निघायच्या दिवशी झोपतानाची आणि पहाटेची, अशा दोन वेळा उरल्या होत्या. म्हणजे प्रवासात छाती दाटणार हे नक्की. ती हाताने काढायला शिकली होती, हेच या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी औषध ठरलं. पहिले चार-पाच दिवस पहाटे फडात जाण्याआधी कोपीमागे बसून थोडं काढायची, नंतर दिवसाआड, नंतर गरज पडली नाही. मोळी डोक्यावर उचलताना हात वर गेला की डावीकडे ओढल्यासारखं व्हायचं, म्हणून काही दिवस तिने तोडायचं काम घेतलं आणि मोळ्या नवऱ्याने वाहिल्या. ताप आला नाही. दाबलं तर एखादा थेंब येतो, हे तिने महिनाभराने फोनवर विचारलं. तो आठवडे, कधी महिनेही येतो, सारखं दाबून बघायचं नाही. रक्त आलं, एकाच बाजूने आपोआप गळू लागलं किंवा गाठ राहिली तर दाखवायचं.

मुलीने पहिल्या तीन रात्री आजीला झोपू दिलं नाही. चौथ्या रात्री ती आईच्या जुन्या पोलक्याला नाक लावून झोपली आणि पुढे ते पोलकं तिचंच झालं. पहिल्या महिन्यात वजन जागचं हललं नाही, दुसऱ्या महिन्यात अडीचशे ग्रॅम वाढलं. कार्डावरच्या लसी वेळेवर झाल्या.

आता आमच्याकडे पोळ्याच्या आठवड्यात आशाताई यादी करतात: कोयत्यावर जाणाऱ्या आणि दोन वर्षांखालचं लेकरू असलेल्या आया. लेकरू सोबत नेणार की ठेवणार, एवढंच विचारायचं. पोळा ते दसरा साधारण सहा आठवडे मिळतात, आणि हळू तोडायला तेवढे लागतात. नेणार असतील तर दूध चालू ठेवून लेकराच्या उबेची, लसींची आणि तिथल्या जवळच्या आरोग्य केंद्राची माहिती. ठेवणार असतील तर आधी आजीला बोलावून वाटी-चमच्याचं, आईला हाताने काढण्याचं, आणि घरातला कापूर-बिब्बा बाजूला ठेवायचं. या वर्षीच्या यादीत हिची चुलत जाऊही आहे, जिने तेल लावून रगडलं होतं तीच. तिने पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून दुपारची वेळ सोडली आहे.